होडीच्या काठाला पत्रा

होडीत पाणी येतं ते बुडाच्या भोकातून येत असेल, असं मला लग्नाआधी वाटायचं. माझं माहेर तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजूला. आमची जात मासे धरणाऱ्यांचीच, पण माहेरच्या लोकांनी ते कधीच सोडलं होतं. आई-वडील भट्टीवर चणे-फुटाणे भाजायचे आणि आठवडी बाजारात पसरून बसायचे. मला पोहता येत नव्हतं, आजही येत नाही. तरी मला भीमेकाठी दिली, कारण नवरा नदीवर नव्हताच. तो पत्रा कापायच्या-वाकवायच्या एका प्रेस शॉपमध्ये कामाला होता आणि आम्ही कारेगावात एका खोलीत राहायचो. सणाला सासरी गेलं की काठाला बांधलेली होडी दिसायची, एवढाच तिचा आणि माझा संबंध.

मग मशीनमध्ये नवऱ्याच्या उजव्या हाताची बोटं गेली. अंगठा आणि शेजारचं बोट तेवढं राहिलं. त्या दिवसाबद्दल लिहायला बसले की माझं डोकं फिरतं, म्हणून तो सोडून देते. दवाखान्यातून आल्यावर त्याला कंपनीनं थोडे दिवस गेटवर स्टुलावर बसवलं, नंतर येऊ नकोस म्हणाले. आम्ही खोली सोडली, भांडीकुंडी टेम्पोत घातली आणि गावाला आलो. आमचं गाव दौंडच्या खाली, धरणाच्या फुगवट्यावर. पाऊसकाळ संपला की पाणी गावाच्या पायाशी येऊन थांबतं आणि उन्हाळ्यात लांब मागं हटतं.

घरात सासरे एकटे होते. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, मीही आबाच म्हणायचे. सासूबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या. आमच्याकडं पाण्यावर जोडीनं जातात. बाई वल्हं मारते, बाप्या जाळं ओढतो. जोडीतलं एक गेलं की होडी काठाला बसते, तशी आबांची बसली होती. त्यात त्यांचे गुडघे कामातून गेलेले. भिंत धरल्याशिवाय त्यांना उठता यायचं नाही.

आबांनी पोराचा हात आपल्या मांडीवर घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि परत त्याच्या मांडीवर ठेवला.  दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "पोरी, वल्हं मारशील का?"

"मला पाण्याचं भ्या वाटतं, आबा."

"वाटू दे की. भ्या असलं म्हंजी ध्यान ऱ्हातंय."

असं आमचं तिघांचं सुरू झालं. मागं मी वल्हं घेऊन, पुढं नवरा जाळ्यावर, आणि मध्ये आबा पाणी उपसायला. तेव्हा मला कळलं की पाणी भोकातून येत नाही, ते काठावरून येतं. सकाळी पाणी गप्प असतं. ऊन चढलं की वारं सुटतं, बारीक लाटा होडीच्या कुशीवर आपटतात आणि प्रत्येक लाट तांब्या-तांब्यानं पाणी आत फेकते. तीन माणसं बसली की आमच्या होडीचा काठ पाण्याच्या वर जेमतेम चार बोटं उरायचा. ओलं जाळं आत येताना आणखी पाणी घेऊन यायचं. आबांकडं तेलाच्या कॅनचं तोंड कापून केलेलं एक टमरेल होतं. ते न बघता उपसत राहायचे, डाव्या कुशीवरून बाहेर, परत आत, परत बाहेर. उपसता उपसता बोलायचे. कुठल्या बाभळी पाण्याखाली आहेत, कुठं जुनी विहीर आहे, कुठं कुणाचं शेत होतं, सासूबाई कशावरून भांडायच्या. मला भीती वाटायची, पण आबा बोलत असले की माझे हात चालायचे. वल्हं मी त्यांच्या बोलण्यावर शिकले.

पाण्याला वास येतो. पुण्यानं धुतलेलं सगळं आमच्याकडं येतं. थंडीत पुण्याचीच माणसं पक्षी बघायला येतात, नाकाला रुमाल लावून होडीत बसतात आणि आम्हाला विचारतात, तुम्ही हे मासे खाता का? आबा सांगायचे, "न्हाई, ते भिगवनच्या बाजारातनं तुमच्याकडंच जात्यात." मग ती माणसं पक्ष्यांकडं बघायला लागायची. मला अशा वेळी फार बरं वाटायचं.

एकदा माघात दुपारीच वारं उठलं. आम्ही जाळं ओढत होतो आणि चिलापी मासळी बरी लागली होती, म्हणून कुणालाच सोडवेना. बघता बघता होडी निम्मी भरली. आबांचं टमरेल पुरेना. नवऱ्यानं कालवण आणलेलं पातेलं घेतलं, पण त्या हातानं पातेलं धरलं जाईना, ते पाण्यात गेलं. शेवटी धरलेले मासे दोन्ही हातांनी परत नदीत लोटून दिले तेव्हा होडी वर आली. काठाला लागल्यावर मी चिखलात बसले आणि नवऱ्याला आणि आबांना मनात होते नव्हते तेवढे सगळे शब्द बोलले. 

पत्रा लावायचं त्यानंतर निघालं. कल्पना नवऱ्याची. पक्षी दाखवणाऱ्या होड्यांचे काठ उंच असतात ते त्यानं बघितलं होतं. आपल्या होडीच्या काठावर चहूबाजूंनी उभा पत्रा बसवायचा, म्हणजे लाट त्याच्यावर आपटून खाली पडेल. पत्र्याचं काम त्याला येत होतं, तेच तर तो इतकी वर्षं करत होता. घरात सासूबाईंची धान्याची कोठी रिकामी होती. आबा म्हणाले, कापा. नवऱ्यानं छिन्नी लावली आणि कोठी उलगडून अंगणात पसरली. तिच्या आतल्या अंगाला ज्वारीचा भुसा चिकटलेला होता, तो आबांनी हातानं झाडला.

माप घ्यायच्या दिवशी होडी गुडघाभर पाण्यात उभी केली. आबा कोळशाचा तुकडा घेऊन काठीच्या आधारानं पाण्यात उभे राहिले आणि आम्हा दोघांना आत बसायला सांगितलं. आम्ही बसलो. होडी जिथवर पाण्यात गेली तिथं त्यांनी रेघ मारायला घेतली. पत्रा या रेघेच्या किती वर बसवायचा ते त्यावरून ठरणार होतं. मी म्हणाले, "आबा, तुम्ही पन बसा, मग मारा रेघ."

"तिघं बसलं की लय खाली जाती ती. पत्र्याचं वझं आनि वर हाय. दोघांचीच मारायची."

"आन् तुम्ही?"

"मी काय करू तितं? पानी येनार न्हाई तर उपसू काय?"

त्यांनी रेघ मारली. मी नवऱ्याकडं बघितलं. तो पुढं तोंड करून बसला होता, त्याला ऐकू गेलं होतं, पण तो वळला नाही.

त्यावरून मी घरी भांडले. मी नवऱ्याला म्हणाले, मला घरी ठेव आणि बापाला ने. तो म्हणाला, वल्हं कोण मारणार? आबांना अर्धा तास बसल्यावर पाय सरळ करता येत नव्हते. बरं, मग तिघं जाऊ आणि जाळी कमी टाकू. मग पोटाला काय? प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडं उत्तर होतं आणि ते बरोबर होतं, याचाच मला राग आला. शेवटी तो म्हणाला, "मंग ऱ्हाऊ दे. न्हाई करत पत्रा." त्याच्या हातात कातर होती. कारेगाव सोडल्यापासून या पत्र्यासाठीच त्यानं पहिल्यांदा हत्यार धरलं होतं. आबा दारातून म्हणाले, "तू काप रं. तिचं काय ऐकतोस." आणि मला म्हणाले, "पोरी, चुलीवर डांबर ठेव."

पुढचे दिवस आमच्या अंगणात खरोखर आनंद होता, ते कबूल केलं पाहिजे. नवऱ्यानं डाव्या हातात हातोडी आणि स्क्रू-ड्रायव्हर धरायला शिकून घेतलं. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटात तो स्क्रू धरायचा. सुरुवातीला स्क्रू पडत, मी वेचून देई, मग पडेनासे झाले. दीड वीत उंचीचे पत्रे त्यानं लोखंडी पट्ट्यांमध्ये धरून वाकवले आणि काठाच्या लाकडावर बसवले. जोडात आबांनी डांबर ओतलं. पत्र्याची धार जाळं फाडेल म्हणून मी शेतातली फुटकी ठिबकची नळी आणली, लांबीनं चिरली आणि वरच्या धारेवर चढवली. बसायच्या फळ्याही उंच केल्या, म्हणजे जाळं पत्र्यावरून ओढता येईल. कुठं फट ठेवली नाही, पुढं नाही, मागं नाही. शेजारचा एक म्हातारा बघून म्हणाला, "हौद केला की रं." नवरा हसला. त्याला हसताना मी फार दिवसांनी बघत होते.

पहिल्या दिवशी तिघंच गेलो. आबांनी नको म्हटलं तरी मी हट्टानं त्यांना बसवलं. वारं सुटलं आणि होडी त्यांनी सांगितल्याप्रमाणंच वागली. तिघांच्या वजनानं पत्र्याचा जोड पाण्याला टेकला आणि स्क्रूंच्या भोकांतून पाणी झिरपायला लागलं. वर फळ्या उंच केलेल्या, त्यामुळं होडी डोलायची ती वेगळीच. आबा टमरेल घेऊन आले होते. त्यांनी थोडं पाणी उपसलं, मग ते मला म्हणाले, "काठाला घे." काठ आला तसे ते पत्र्याला धरून कसेबसे उतरले आणि होडीला ढकलून म्हणाले, "जावा आता." आम्ही गेलो. जोड पाण्याच्या वर आला. लाटा पत्र्यावर आपटून परत गेल्या, आत थेंब आला नाही. दुपारी परत आलो तेव्हा माझे पाय पहिल्यांदाच कोरडे होते. आबा काठावर जिथं सोडले तिथंच बसलेले होते.

त्यानंतर ते काठावरच राहिले. सकाळी आमच्याबरोबर यायचे, होडीची दोरी सोडून द्यायचे आणि बसायचे. जाळी विणून व्हायची, मग पुन्हा उसवून विणायचे. येणारे-जाणारे म्हणायचे, "आबा, रिटायर झाला का?" ते हसायचे. जेवण कमी झालं. मी वाढलेली भाकरी अर्धी मोडून परत ठेवायचे. होडीत एवढं बोलणारा माणूस घरात बोलेनासा झाला. नवऱ्याला मी सांगितलं, तुझा बाप वाळत चाललाय. तो म्हणाला, "वय झालं." असं बोलला की तो मला नकोसा व्हायचा.

एक दिवस आबा एसटीनं पाटसला गेले आणि हायवेच्या पंक्चरवाल्याकडून ट्रकची ट्यूब घेऊन आले. आमच्याकडं ज्यांना होडी नाही ते असंच करतात. फुगवलेल्या ट्यूबवर बसायचं, पाय पाण्यात सोडायचे, हातानं पाणी मारत जायचं आणि काठाजवळ लहान जाळं टाकायचं. नवरा चिडला. लोक काय म्हणतील, पोरानं बापाला होडीतून काढून ट्यूबवर बसवलं म्हणतील. आबांनी ट्यूब टेकवली आणि म्हणाले, "पान्यात गुडघं दुखत न्हाईत माझं. काठावर दुखत्यात."

दुसऱ्या दिवसापासून ते ट्यूब घेऊन पाण्यात जायला लागले. आणि खरंच ते बदलले. बाभळींच्या कडेला जाळं टाकायचे, मूठभर मासे आणायचे, ते वेगळे ठेवून मला म्हणायचे, हे आपल्या घरचं, विकायचं न्हाई. भाकरी पुरी संपायला लागली. मला वाटलं, चला, निघाला मार्ग.

फाल्गुनात धरणातून पाणी सोडलं आणि आमच्याकडचं पाणी रोज उतरायला लागलं. ज्या बाभळींवरून आबा ट्यूब घेऊन जात, त्या पाण्याखाली खोल होत्या. आता त्यांचे शेंडे पाण्याच्या अगदी खाली आले होते, दिसत नव्हते, पण होते. आबांना प्रत्येक बाभूळ ठाऊक होती. पण होडीत बसून त्यांनी त्या ओळखल्या होत्या, आणि होडीच्या बुडाला काटा लागला तर काही होत नाही.

आम्ही परत येत होतो. वारं काठाकडून आत वाहत होतं. मला लांबून फक्त ट्यूबचं काळं कातडं दिसलं, पाण्यावर पसरलेलं. नंतर आबा दिसले. त्यांनी बाभळीचा शेंडा दोन्ही हातांनी धरला होता आणि हनुवटीपर्यंत पाण्यात होते. मी वल्हं कसं मारलं मला आठवत नाही. जवळ गेल्यावर त्यांनी शेंडा सोडून होडीचा काठ धरला, म्हणजे ती ठिबकची नळी धरली. तळहात काट्यांनी फाटलेले होते.

नवऱ्यानं त्यांच्या काखेत हात घातला आणि ओढलं. पूर्वीची होडी असती तर छाती काठावर टेकली असती आणि माणूस आत लोटता आला असता. आता मध्ये पत्रा उभा होता. आबांचं वजन त्याच्यावर आलं तसा पत्रा बाहेर वाकला, होडी त्या कुशीवर कलंडली आणि पाणी पत्र्याच्या वरच्या धारेला लागलं. मी दुसऱ्या कुशीला अंग टाकलं, तरी फरक पडेना. नवऱ्यानं मागून प्रयत्न केला, पुढून केला. सगळीकडं तेच. आम्ही कुठंच फट ठेवली नव्हती. तो एकदा पत्र्यालाच हिसके मारायला लागला, पण स्क्रू त्यानं चांगले बसवले होते.

आबा म्हणाले, "थांब. होडी भरल. पोरीला पवता येत न्हाई."

नवरा थांबला. त्यानं चांगल्या हातानं बापाचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं त्यांच्या सदऱ्याच्या कॉलरमध्ये अडकवली. मी वल्हं मारायला लागले. आबा बाहेर, पाण्यात, पत्र्याच्या पलीकडं, आणि मी आत कोरडी. माझं तोंड त्यांच्याकडं होतं. होडी एका बाजूला ओढली जात होती, माझ्यानं सरळ जाईना. आबांनी तसंच पाण्यातून सांगितलं, "माझ्या अंगानं मार. फिरती बघ. दम खा, दम खा." दात वाजत होते तरी सांगत होते. मग सांगायचे थांबले. मी म्हणाले, "आबा, बोला की." ते डोळे उघडे ठेवून माझ्याकडं बघत राहिले. मी रडत होते आणि ओरडत होते, नवऱ्याला शिव्या देत होते, आणि वल्हं मारत होते.

काठाला आणलं तेव्हा ते जिवंत होते. लोक धावले, चौघांनी उचलून वर घेतलं. त्यांना होडीजवळून नेताना त्यांनी हात लांब करून आत फळीखाली घातला आणि बोटं बघितली. "टिपूस न्हाई," म्हणाले. ते कौतुकानं म्हणाले होते, माझी खात्री आहे, आणि त्याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो.

रात्रीपासून ताप चढला. दौंडला दवाखान्यात नेलं. छातीत पाणी गेलंय, वय आहे, असं डॉक्टर म्हणाले. तो आठवडा काही पुरा झाला नाही.

तेराव्यानंतर नवरा काठावर गेला. बराच वेळ आला नाही म्हणून मी बघायला गेले, तर तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन होडीत बसला होता आणि एका कुशीचा पत्रा सोडवत होता. स्क्रू काढून चिखलात टाकत होता. मी म्हणाले, "काढ. सगळाच काढ. मला डोळ्यासमोर नको."

"काढतो," तो म्हणाला. मग हात थांबवून म्हणाला, "आन् पानी कोन उपसंल?"

मी वल्हं मारणार, तो जाळं ओढणार. उपसायला तिसरं माणूस नव्हतं. मी त्याच्या हाताकडं बघितलं, माझ्या हातांकडं बघितलं. मग मी खाली बसले, चिखलातले स्क्रू चाचपून काढले, पदराला पुसले आणि एकेक करून त्याच्या दोन बोटांत देत गेले.